कोळ्याच्या विषावरचा नाच वर्गात येतो तेव्हा

रंगभूमीवरची नाचाची सगळ्यात प्रसिद्ध शिकवणी सपशेल फसते. इब्सेनच्या 'डॉल्स हाउस'चा दुसरा अंक आठवा. अनंत काणेकरांनी 'घरकुल' या नावाने मराठीत आणलेलं तेच नाटक. नोराला दुसऱ्या दिवशी एका समारंभात तारांतेल्ला नाचून दाखवायचा आहे. काप्री बेटावर असताना ती तो शिकली. इकडे टपालपेटीत तिचा संसार उधळून टाकणारं एक पत्र येऊन पडलंय. नवऱ्याचं लक्ष तिकडे जाऊ नये म्हणून ती म्हणते, माझी तालीम घ्या. तो पियानोशी बसतो, ती खंजिरी उचलते आणि सुरू होते. तो ओरडतो, सावकाश! ती आणखी जोरात नाचते. तिचे केस सुटतात, भान राहत नाही. शेवटी नवरा हात टेकतो: मी शिकवलेलं सगळं विसरलीस की!

इब्सेनने या नाटकाचा बराचसा भाग 1879 मध्ये अमाल्फीला बसून लिहिला. अमाल्फी नेपल्सपासून फार लांब नाही; म्हणजे तो तारांतेल्लाच्या मुलखातच मुक्कामाला होता. हा नाच नीटनेटका करायला गेलं की त्यातलं काही उरत नाही, हे नोराच्या नवऱ्याला, टोरवाल्डला, कळलं नाही, पण त्याला लिहिणाऱ्याला पक्कं कळलं होतं. आज इटलीत आणि इटलीबाहेर लोक फी भरून हे नाच शिकतात, आणि त्यांच्या शिक्षकांची अडचण टोरवाल्डच्या बरोबर उलटी असते. विद्यार्थ्यांना पावलं पाठ असतात. वहीत उतरवलेली असतात, मोबाइलवर चित्रित केलेली असतात. ती विसरायला कसं लावायचं, हा शिक्षकांचा प्रश्न. त्याचं उत्तर शोधत गेलं की माणूस एका कोळ्यापाशी येऊन पोचतो, आणि तिथून पुढची हकिगत ऐकताना आपण इतिहास वाचतोय की दंतकथा, असा संभ्रम पडतो. ती सगळी इतिहासातली आहे.

तारांतेल्ला हे एका मोठ्या कुळाचं नाव. नेपल्सचा रंगीत पोशाखातला, पर्यटकांच्या परिचयाचा तारांतेल्ला या कुळात आहे, कालाब्रियाच्या डोंगरातला आहे, गार्गानोच्या बाजूचा गिटारवरचा आहे. यातली सगळ्यात विलक्षण लेक मात्र सालेन्तोची. नकाशावर इटलीचा बूट पाहा. टाचेचा जो तुकडा समुद्रात घुसलेला दिसतो तो सालेन्तो, पुलिया प्रांताचं दक्षिण टोक. लाल माती, ऑलिव्हची झाडं, रचलेल्या दगडांचे बांध, पूर्वी तंबाखूची शेती. काही गावांत अजून 'ग्रीको' नावाची ग्रीक वळणाची बोली कानावर पडते. इथल्या नाचाचं नाव पित्सिका. लग्नात, बारशाला, हंगाम संपल्यावर अंगणात जी नाचायची ती पित्सिका. आणि जी नाचल्याशिवाय दुखणं जात नाही अशी समजूत होती, तीही पित्सिकाच.

हे दुखणं जून महिन्यातलं. गव्हाच्या कापणीला बायका शेतात राबत, आणि त्यांतल्या एखादीला काहीतरी चावे, किंवा चावल्यासारखं वाटे. मग ती गप्प होई, अन्न सोडी, जमिनीवर पडून राही, कधी तळमळून लोळे. गावाचं निदान ठरलेलं असे: हिला 'तारांता' चावली, म्हणजे कोळी. उपचारही ठरलेला. वादकांना बोलवा. घरातली खोली रिकामी करून जमिनीवर पांढरी चादर अंथरत, तीवर बाईला निजवत, आणि भोवती व्हायोलिन, गिटार, ऑर्गनेत्तो नावाची छोटी पेटी आणि ताम्बुरेल्लो घेऊन वादक बसत. ताम्बुरेल्लो म्हणजे बकरीच्या कातड्याने मढवलेली, कडेला पत्र्याच्या चकत्या असलेली मोठी खंजिरी. वादक एकेक चाल वाजवून बघत. भलती चाल असली तर बाई ढिम्म हलत नसे. चाल जुळली की आधी तिचं डोकं ठेका धरी, मग ती चादरीवर पाठीवर सरपटे, मग उठे आणि गोल गोल नाचत सुटे. रंगीत फिती, रुमाल पुढे ठेवलेले असत. तिला 'चावलेल्या' कोळ्याचा रंग ज्या फितीला असेल तिकडे ती झेप घेई, अशी समजूत. हे तासन्‌तास चाले, कधी काही दिवस. वादकांची बिदागी द्यायला गरीब घरं कर्ज काढत.

पुढचा टप्पा 29 जून, संत पीटर आणि संत पॉल यांचा सण. नाचून बऱ्या झालेल्या बायका गालातीना गावातल्या संत पॉलच्या छोट्या देवळीत जात, आभार मानत, तिथल्या विहिरीचं पाणी पीत. पॉलच का? बायबलमध्ये माल्टा बेटावर त्याच्या हाताला साप डसतो आणि त्याला काही होत नाही. विषावर ताबा असलेला संत तो. पण आभार मानून झालं म्हणजे प्रकरण मिटलं असं नसे. पुढच्या जूनमध्ये तीच बाई, तेच दुखणं, तेच वादक. काही जणींची अशी वर्षामागून वर्षं गेली.

युरोपातल्या विद्वानांना या गोष्टीचं शतकानुशतकं वेड होतं. आथानासिउस किर्शर या जेझुइट पंडिताने 1641 साली चुंबकशक्तीवर भलामोठा ग्रंथ छापला, त्यात कोळ्याच्या विषावर उतारा म्हणून वाजवायची चाल चक्क स्वरलिपीत दिली आहे. संगीतामुळे हवा थरथरते, त्या थरथरीने शरीरातलं विष हलतं आणि घामावाटे निघून जातं, असा त्याचा एकूण तर्क. संगीत हे औषध आणि स्वरलिपी हीच औषधाची चिठ्ठी. ती चाल जुन्या संगीताचे वादक आजही मैफलीत वाजवतात.

कोळ्याचं काय? तारांतो शहरावरून ज्याचं नाव पडलं तो मोठा, केसाळ लायकोसा टॅरँटुला दिसायला भयंकर, पण त्याचा चावा माणसाला फारसा बाधत नाही. त्याच शेतांत एक लहानसा, काळा, लाल ठिपक्यांचा कोळीही असतो. तो 'ब्लॅक विडो'च्या भावकीतला. त्याच्या विषाने स्नायूंत भयंकर कळा येतात, दरदरून घाम फुटतो, जीव कासावीस होतो. तेव्हा काही जणींना खरंच चावला असणार. पण विष दर जूनला तारीख पाळून परत येत नाही. विष बाई-पुरुष बघत नाही. हे दुखणं मात्र बहुतेक करून बायकांचं. आणि गालातीना गावच्या हद्दीत संत पॉलच्या कृपेने तारांता चावत नाही, असं सगळे मानत, आणि तिथे खरोखरच हे दुखणं होत नसे. गावाची वेस ओळखणारं विष जीवशास्त्राला माहीत नाही.

1959 च्या उन्हाळ्यात एर्नेस्तो दे मार्तिनो हा धर्मांचा इतिहासकार सालेन्तोत उतरला. बरोबर मानसोपचारतज्ज्ञ जोवान्नी येर्विस, संगीताचे अभ्यासक दिएगो कार्पितेल्ला, मानवशास्त्राच्या अभ्यासक आमालिया सिन्योरेल्ली, छायाचित्रकार फ्रांको पिन्ना अशी मंडळी होती. एका नाचामागे एवढी फौज त्या काळात नवलाचीच. त्यांनी गालातीनाच्या देवळीत सण पाहिला, घरोघरी जाऊन विचारपूस केली, उपचार डोळ्यांनी पाहिला. दोन वर्षांनी दे मार्तिनोचं पुस्तक आलं, 'ला तेर्रा देल रिमोर्सो'. त्यात कोळी जवळजवळ मागे पडतो. पुढे येतात त्या मोडलेलं प्रेम, मनाविरुद्धचं लग्न, वडिलांचा मृत्यू, न संपणारी मजुरी. घरात ज्याबद्दल ब्र काढता येत नाही ते चावऱ्या कोळ्याच्या नावावर घालायचं, आणि वर्षातून एकदा सगळ्या गावासमोर हातपाय झाडून बाहेर काढायचं. आपल्याकडे अंगात येणारी बाई एरवी जे बोलू शकत नाही ते त्या वेळी बोलून घेते आणि घरचे हात जोडून ऐकतात, हे ज्यांनी पाहिलं असेल त्यांना दे मार्तिनो लवकर समजेल.

मला या सगळ्यात सर्वांत थोर वाटतो तो नार्दो गावचा न्हावी. लुईजी स्तिफानी. दुकानात दाढ्या करायचा आणि बोलावणं आलं की व्हायोलिन घेऊन निघायचा. त्याने आपल्या 'रोग्यां'ची वही ठेवली होती: कोण, कुठली, कोणत्या चालीवर उठली. दे मार्तिनोच्या चमूला सगळ्यात मोलाची माहिती मिळाली ती याच्याकडून. त्याला नाच येत होता की नाही कोण जाणे, पण समोरचं माणूस कोणत्या ठेक्याला हलेल हे ओळखायची जी विद्या लागते ती त्याच्याकडे होती. चांगल्या नृत्यशिक्षकाकडेही तीच असावी लागते.

पुस्तक गाजलं. सालेन्तोला मात्र त्याची लाज वाटली. तरुण पोरं स्वित्झर्लंड, जर्मनी, बेल्जियमला कामासाठी निघून जात होती. मागे राहिलेल्यांना रेडिओ, स्कूटर, रोमसारखं राहणीमान हवं होतं. चादरीवर लोळणारी आजी कुणाला आठवायला नको होती. तिच्याबरोबर लग्नातली हसरीखेळती पित्सिकाही अडगळीत गेली. सुदैवाने 1954 मध्ये अमेरिकन संग्राहक ॲलन लोमॅक्स आणि कार्पितेल्ला यांनी इटलीभर फिरून लोकसंगीत टेपवर उतरवून ठेवलं होतं, सालेन्तोतलंही. 1975 मध्ये लेखिका रीना दुरान्ते यांनी 'कान्त्सोनिएरे ग्रेकानिको सालेन्तिनो' हा गटच उभा केला. नव्वदीत तरुण पोरं म्हाताऱ्यांच्या ओट्यावर जाऊन बसू लागली. 1998 पासून 'नोत्ते देल्ला तारान्ता' हा उत्सव भरू लागला; ऑगस्टच्या अखेरीस मेल्पिन्यानो या चिमुकल्या गावात त्याच्या शेवटच्या रात्रीला लाखाच्या घरात माणूस लोटतो. 2020 च्या जुलैत दिओर या फॅशन कंपनीने लेच्चेच्या चौकात आपले कपडे दाखवले, ते याच उत्सवाच्या वादकांच्या साथीने. सत्तर वर्षांच्या आत लाजेची गोष्ट दिओरपर्यंत पोचली.

आणि या गर्दीला नाच शिकायचा होता. इथेच खरी गंमत सुरू होते, कारण पित्सिका कधी कुणी शिकवलीच नव्हती. पोरं मोठ्यांच्या पायांत घोटाळत, एक दिवस आजी हाताला धरून मध्ये ओढे, झालं शिक्षण. वर्ग नव्हता, गुरू नव्हता, पावलांना नावं नव्हती. नव्वदीतल्या शिक्षकांनी हे सगळं नव्याने घडवलं: हे मूळ पाऊल, ही अदलाबदल, ही गिरकी. म्हाताऱ्यांकडे पाहून, जुन्या चित्रफिती थांबवून थांबवून, आणि उरलेलं, खरं सांगायचं तर, अंदाजाने.

चांगला वर्ग पायांपासून सुरू होत नाही. आधी कान. मध्ये एक ताम्बुरेल्लो वाजत राहतो आणि सगळे नुसते गोल चालतात. आपल्या दादऱ्याच्या सहा मात्रा ज्याला ठाऊक आहेत त्याला यात ओळखीचं काही सापडेल: तीन आणि तीन. पण वेग इतका की मात्रा मोजायला जाल तर जीभ अडखळेल. कातड्यावरचा ठोका तीनांच्या डोक्यावर पडतो आणि पत्र्याच्या चकत्या मधल्या सगळ्या जागा भरून काढतात, सळसळ थांबतच नाही. शिवाय तेच सहा तीन-तीनमध्येही तुटतात आणि दोन-दोन-दोनमध्येही. वादकाने आघात जरासा सरकवला की तुमच्या पायाखालची जमीन सरकते. ज्याला हे ऐकू आलं त्याचे पाय आपोआप उडू लागतात, आणि ज्याला ऐकू आलं नाही तो पावलं मोजत राहतो. शिक्षकाला दुरून फरक कळतो.

मग पाय. शिकवणाऱ्यागणिक पाऊल वेगळं, गावागणिकही वेगळं, पण एका गोष्टीवर जाणत्यांचं एकमत: उडी लहान. पाय जमिनीला चिकटून राहतात, चवड्यांवर बारीक झेप, टाच जेमतेम टेकते. कंबरेच्या वर शांतता. पहिल्या दिवशी नवशिके गुडघे छातीपर्यंत आणतात आणि दहा मिनिटांत धापा टाकत भिंतीला टेकतात. सत्तरीच्या बायका तासभर का नाचू शकत होत्या ते तेव्हा समजतं. दिवसभर तंबाखूची पानं खुडून आलेल्या शरीराने शोधून काढलेला हा नाच आहे. उधळपट्टी त्याला परवडणारीच नव्हती.

पाय जमले की जोडी. दोघं समोरासमोर. स्पर्श नाही. हे 'स्पर्श नाही' प्रकरण वर्गाला फार जड जातं, कारण हात धरता आले की निदान दिशा तरी कळते. इथे फक्त नजर. एक पुढे येतो, दुसरी तेवढीच मागे सरकते. ती वळते, तो तिच्या वळणाच्या बाहेरून फिरतो. जागा बदलतात, पुन्हा समोर. कोण कुणाचा पाठलाग करतोय हे दर काही क्षणांनी पालटतं. पुढचं पाऊल कोणतं, हे आधी ठरलेलं नाही. समोरच्याच्या खांद्यावरून, श्वासावरून ते ओळखायचं. पाठ केलेला माणूस इथे उघडा पडतो: त्याची गिरकी सुंदर होते आणि जोडीदार भलतीकडेच उभा असतो.

जाहिरातींत पित्सिका म्हणजे प्रणयनृत्य. लाल घागरा, उडणारे केस, अनवाणी पाय. घागरा आणि अनवाणी पाय ही बरीचशी रंगमंचाची देणगी आहे. जुन्या पित्सिकेत जोडी कुणाचीही असे. दोघी बहिणी, आजोबा आणि नात, दोन शेजारी, सासू आणि जावई. बायकोबरोबर नाचताना एक मजा, दोस्ताबरोबर दुसरी, पोराबरोबर तिसरी. रुमालही होता; तो दाखवून समोरच्याला आत बोलवायचं, त्याला हुलकावणी द्यायची. वर्गात शिक्षक मुद्दाम जोड्या मोडतात ते याचसाठी. नवरा-बायको म्हणून नाव नोंदवलेल्यांना हे आवडत नाही, पण दर पाच मिनिटांनी अनोळखी माणूस समोर आला की पाठांतर टिकत नाही.

आणि यानंतर येतो तो भाग, जो आरशासमोर रांगा लावून शिकवणाऱ्यांना कधीच शिकवता येणार नाही: रोंदा, म्हणजे रिंगण. वादक आणि बघे मिळून एक वर्तुळ करतात. आत एका वेळी एकच जोडी. बाकीचे टाळ्या देतात, गातात, चिडवतात. थोड्या वेळाने बाहेरून कुणीतरी आत शिरतं, दोघांतल्या एकाची जागा घेतं. तो निमूटपणे बाहेर. मग आणखी कुणी. रिंगण तासन्‌तास चालू राहतं आणि त्यात कुणी थकत नाही, कारण प्रत्येकाची पाळी छोटी. बाहेर उभं राहणं हासुद्धा नाचाचाच भाग. टाळी ढिली पडली की आतल्याचे पाय ढिले पडतात, हे वर्गात करून दाखवता येतं: शिक्षक बाहेरच्यांना हात खाली घ्यायला सांगतो, आणि आतली जोडी काही क्षणांत गडबडते. पुन्हा टाळी सुरू करा, पुन्हा पाय येतात. नाच कुणाच्या शरीरात असतो, या प्रश्नाचं याहून चोख उत्तर मी कुठे वाचलेलं नाही.

आत कधी जायचं हे शिकवता येतं. बाहेर कधी पडायचं हे शिकवणं भलतंच कठीण. वर्गातला हुशार विद्यार्थी आत गेला की निघत नाही. त्याला सगळ्या गिरक्या दाखवायच्या असतात. गावच्या रिंगणात अशा माणसाकडे म्हाताऱ्या नुसत्या बघतात आणि तेवढं पुरतं.

कालाब्रियाच्या लोकांनी हा प्रश्न माणूस नेमूनच सोडवला. आस्प्रोमोन्ते डोंगराच्या गावांत तारांतेल्लाच्या रिंगणाला एक 'मास्त्रू ई बाल्लू' असतो, नाचाचा मुकादम म्हणा. कोणी आत यायचं, कुणाबरोबर नाचायचं, कधी निघायचं, सगळं त्याच्या शब्दावर. 'फोरा ऊ प्रीमू', असं तो म्हणाला की पहिल्याने बाहेर व्हायचं, दुसरा आपली जागा धरून नव्याची वाट बघणार. कुणाला विसरून चालत नाही, कुणाला जास्त वेळ देऊन चालत नाही, भांडण असलेल्या दोघांना एकत्र आत आणायचं की नाही हेही त्यानेच ठरवायचं. गावातले मानापमान, सोयरीक, वैर या सगळ्याचा हिशेब डोक्यात ठेवून तो नाच चालवतो. कालाब्रियाचा नाच शिकवणारे शिक्षक वर्गात हीच भूमिका घेतात, आणि माझ्या मते नृत्यशिक्षकासाठी याहून चांगला नमुना नाही. तो पाऊल करून दाखवत नाही, आरशात बघायला सांगत नाही. तो फक्त योग्य माणूस योग्य वेळी आत सोडतो.

सालेन्तोत एक रिंगण असंही आहे, जिथे शिकाऊ माणसाने शिरूच नये. तोर्रेपादुली गावात संत रोक्कोची जत्रा. 15 ऑगस्टची रात्र उजाडून 16 होईपर्यंत देवळासमोर शेकडो ताम्बुरेल्लो वाजत असतात. वादकांचे हात फुटतात, कातड्यावर रक्ताचे डाग पडतात, तरी ठेका सुटत नाही. त्या रात्रीच्या काही रिंगणांत पुरुषांच्या जोड्या 'स्केर्मा' खेळतात. हाताची दोन बोटं पुढे केलेली, ती म्हणजे सुरा. पूर्वी खरे सुरे असत असं सांगतात. सुरुवातीला हात मिळवायचा, मग एकमेकांभोवती फिरत घाव घालायचा, चुकवायचा, शेवटी पुन्हा हात मिळवायचा. ठेका तोच, सहाचा. ही विद्या घराघरांतून चालत आली आणि जाणकार ती परक्याला शिकवायला राजी नसत. आता तिचेही वर्ग भरतात. त्यात बोटांचे डाव शिकवले जातात. समोरच्याचा मान राखून त्याला हरवायचं कसं, हे त्या रात्री रिंगणाबाहेर उभं राहूनच कळतं.

नव्या पित्सिकेवर टीका करणारे इटलीत पुष्कळ आहेत. नाचांचा अभ्यास करणारी मंडळी तिला 'नेओपित्सिका' म्हणतात आणि त्यात कौतुक कमी असतं. आक्षेप खरे आहेत. नेपल्सकडच्या ताम्मुर्रियाताचे वर उचललेले हात, मधूनच फ्लामेंकोचा तोरा आणि फडफडणारी ओढणी असं सगळं एकत्र शिजवून ते 'प्राचीन' म्हणून वाढलं जातं. ताम्मुर्रियाताचा ठेका दोनाचा, भक्ती मॅडोनाची, वजन जमिनीकडे. तिची पित्सिकेशी मिसळ करणं म्हणजे दोन्ही घालवणं. पण 'खरी' पित्सिका कोणती ते दाखवा म्हटलं तर हीच मंडळी दहा गावांचे दहा नाच दाखवतात. जिवंत असताना ती बदलतच होती. मला मिसळीपेक्षा खटकतो तो दुसरा प्रकार: पांढऱ्या कपड्यांत जमिनीवर लोळून 'तारांताचा नाच' बसवून घेणाऱ्या कार्यशाळा. ज्या बायका तसं लोळल्या त्यांना तो नाच नको होता. त्यांना बरं वाटायला हवं होतं, आणि त्यासाठी घर कर्जात गेलं होतं. ते कुणी शिकवू नये, शिकूही नये. त्यासाठी दे मार्तिनोचं पुस्तक आहे आणि पिन्नाची छायाचित्रं आहेत. ती बघावीत आणि गप्प बसावं.

अंगणातली पित्सिका मात्र खुशाल शिकावी. शिकवणाऱ्याने पहिल्याच तासाला रांगा लावल्या आणि आठापर्यंत मोजायला सुरुवात केली, तर फी परत मागा. सहाच्या ठेक्याला आठ मोजणाऱ्याकडून काय मिळणार? वर्गात ताम्बुरेल्लो प्रत्यक्ष वाजत असेल, जोडीदार सतत बदलत असतील आणि निम्मा वेळ तुम्हाला बाहेर उभं राहून टाळ्या द्यायला लावत असतील, तर जागा बरोबर आहे. आणि कधी ऑगस्टमध्ये सालेन्तोला जाणं झालंच, तर मेल्पिन्यानोच्या मोठ्या मंचावर दिवे आणि पडदे बघून झाल्यावर एखाद्या गावच्या जत्रेतलं लहान रिंगण शोधा. आधी बराच वेळ टाळ्या द्या. कुणी रुमाल दाखवला तर आत जा, पाय जमिनीजवळ ठेवा, समोरच्याच्या डोळ्यांत बघा, आणि कुणी आत आलं की लगेच बाहेर व्हा.